विश्लेषण : डिशवॉशरमध्ये रिन्स एडऐवजी व्हिनेगर चालते का? ‘नैसर्गिक’ पर्याय किती उपयोगी?

स्टीलच्या वाट्यांवर पांढरे ठिपके, काचेच्या पेल्यांवर धुरकट थर आणि प्लास्टिकच्या डब्यांच्या कडांत साचलेले पाणी. घरात डिशवॉशर आल्यावर काही आठवड्यांतच ही तक्रार सुरू होते. त्यावर कंपनीचा उपाय म्हणजे रिन्स एड. मात्र ताटावाट्यांवर रसायन राहून पोटात जाईल, या शंकेने अनेक जण त्या कप्प्यात व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचे पाणी भरतात. हे पर्याय खरोखर काम करतात का? आणि यंत्रासाठी ते सुरक्षित आहेत का?

रिन्स एड नेमके करते काय?

रिन्स एड म्हणजे साबण नव्हे. भांडी धुऊन झाल्यावर शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात यंत्र ते आपोआप सोडते. प्रमाण साधारण ३ ते ५ मिलीलिटर. त्यात मुख्यतः दोन घटक असतात. पहिला, पृष्ठताण कमी करणारा सर्फॅक्टंट. त्यामुळे पाण्याचे थेंब न बनता पातळ पडदा तयार होतो आणि तो भांड्यावरून निथळून जातो. दुसरा घटक म्हणजे आम्ल, बहुतेकदा सायट्रिक अ‍ॅसिड. ते पाण्यातील क्षार भांड्यावर बसू देत नाही.

हे दोन घटक दोन वेगळी कामे करतात. घरगुती पर्यायांबाबतचा गोंधळ इथेच होतो. व्हिनेगर आणि लिंबू ही आम्ले आहेत. ती क्षार विरघळवतात, पण पाण्याचा पृष्ठताण फारसा कमी करत नाहीत. त्यामुळे थेंब तसेच राहतात आणि भांडी ओली निघतात.

व्हिनेगर क्षार तरी काढते का?

साधा हिशोब करून पाहू. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असते. म्हणजे कप्प्यातून सुटणाऱ्या ४ मिलीलिटरमध्ये ते जेमतेम ०.२ ग्रॅम. शेवटच्या फेरीत यंत्र साधारण ३ लिटर पाणी घेते, असे धरू. पाण्याचा जडपणा लिटरमागे ४०० मिलिग्रॅम असेल, तर त्या पाण्यात १.२ ग्रॅम चुन्याचे क्षार असतात. ०.२ ग्रॅम अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड त्यातले सुमारे ०.१७ ग्रॅम, म्हणजे सातवा हिस्सा, विरघळवू शकते. उरलेले क्षार भांड्यांवर वाळतात. पाणी मुळातच हलके असेल तर फरक जाणवतो, पण तिथे डागांची तक्रारही कमीच असते.

कप्प्यात व्हिनेगर भरल्यास यंत्राचे नुकसान होते का?

अनेक उत्पादक माहितीपुस्तिकेत याला स्पष्ट मनाई करतात. धुण्याच्या पाण्यात मिसळलेले व्हिनेगर खूप पातळ होते. कप्प्यात मात्र ते पातळ न होता महिनोन् महिने रबरी सीलला लागून राहते. नायट्राइलसारखे काही रबर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या सततच्या संपर्कात फुगते किंवा कमकुवत होते. सील गेले की गळती सुरू होते. पुस्तिकेत मनाई असताना असे बिघाड झाले, तर वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याचीही शक्यता असते.

‘नैसर्गिक’ या शब्दाचेही तसेच. बाटलीवरचे लेबल नीट वाचा. स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरवर बहुधा ‘सिंथेटिक’ असे छापलेले असते, म्हणजे ते आंबवून नव्हे, तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये पाणी घालून बनवलेले असते.

लिंबू, सायट्रिक अ‍ॅसिड, रिठा : कोणता पर्याय बरा?

लिंबाच्या रसात साखर आणि गर असतो. कप्प्यात तो आंबतो, बुरशी धरतो आणि बारीक वाट बुजवतो. त्यामुळे तो टाळावा.

सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्व, क्षार काढण्यात व्हिनेगरपेक्षा सरस आहे. १७८४ मध्ये कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने ते लिंबाच्या रसातून वेगळे केले. आज ते मुख्यतः अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीच्या साह्याने साखरेपासून बनते. मात्र त्याचे पातळ द्रावण कप्प्यात ठेवल्यास त्यातही बुरशी येऊ शकते. शिवाय पाणी फार जड आणि आम्ल अपुरे असेल, तर गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसतो. म्हणजे जे डाग घालवायचे तेच वाढतात.

रिठ्यातील सॅपोनिन हा खरोखरच नैसर्गिक सर्फॅक्टंट आहे. पण त्याला फेस येतो आणि डिशवॉशरला फेस चालत नाही. फेसामुळे पंपात हवा शिरते, पाण्याचा जोर कमी होतो आणि गळतीही होऊ शकते. रिन्स एडमधील सर्फॅक्टंट कमी फेसाचे म्हणूनच निवडलेले असतात.

आरोग्याची भीती कितपत खरी?

ही शंका अगदीच निराधार नाही. रिन्स एड शेवटच्या पाण्यात सुटते आणि त्यानंतर पुन्हा साध्या पाण्याने भांडी धुतली जात नाहीत. स्वित्झर्लंडमधील संशोधकांचा एक अभ्यास ‘जर्नल ऑफ अ‍ॅलर्जी अँड क्लिनिकल इम्युनॉलॉजी’मध्ये डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रिन्स एडमधील अल्कोहोल इथॉक्सिलेट या घटकामुळे आतड्याच्या पेशींच्या संरक्षक आवरणाला इजा होते, असे त्यात आढळले.

मात्र त्याच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झाले, माणसांवर नाही. त्यात मुख्य रोख हॉटेल-कँटीनमधील व्यावसायिक यंत्रांवर होता. ती यंत्रे एक-दोन मिनिटांत भांडी उरकतात. त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण गरजेपेक्षा जास्त रिन्स एड न वापरणे शहाणपणाचे आहे. बहुतेक यंत्रांत त्याचे प्रमाण कमी-जास्त करता येते. पेल्यांवर निळसर झाक किंवा चिकट रेघा दिसल्या, तर ते प्रमाण जास्त झाल्याचे समजावे.

महाराष्ट्रात पाण्याचा प्रश्न वेगळा का?

राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यातून झिरपणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरते. म्हणून बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. याउलट मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून मिळणारे पाणी तुलनेने हलके असते. पुण्यात धरणाचे पाणी एका सोसायटीत आणि टँकर-बोअरचे शेजारच्या सोसायटीत, असेही चित्र दिसते. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही डिशवॉशरसाठी बरेच जड असू शकते.

जड पाण्यावरचा खरा उपाय म्हणजे यंत्रातील सॉफ्टनर. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. त्यासाठी डिशवॉशरचे जाड मीठ भरावे लागते. घरातले आयोडीनयुक्त बारीक मीठ वापरू नये. मग जडपणानुसार सेटिंग लावावे. जडपणा तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. टीडीएस मीटर पाण्यातील सर्व क्षार एकत्र मोजते, नेमका जडपणा नाही.

मग घरी काय करावे?

आधी डाग ओळखा. डाग पडलेल्या पेल्यावर व्हिनेगरचा बोळा फिरवा. डाग गेला तर तो क्षारांचा. मग मीठ आणि सॉफ्टनरचे सेटिंग तपासा. डाग गेला नाही तर काच झिजली असण्याची शक्यता आहे. हलक्या पाण्यात डिटर्जंट जास्त झाल्यास असे होते आणि ते भरून येत नाही. तिथे व्हिनेगर वाढवून उपयोग नाही. डिटर्जंट कमी करा.

यंत्रात साठलेला क्षार काढण्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी रिकाम्या यंत्रात तीन-चार मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड टाकून गरम पाण्याची फेरी चालवता येते. त्याआधी पुस्तिका पाहावी आणि जाळी धुवावी. त्या फेरीत डिटर्जंट घालू नये, कारण ते अल्कधर्मी असते. आम्ल त्याच्यासोबत मिसळले की दोन्हींची ताकद कमी होते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याचा प्रयोगही याच कारणाने वाया जातो.

एक इशारा महत्त्वाचा. ब्लीच किंवा सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या कोणत्याही क्लीनरसोबत व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रिन्स एड मुळीच नको असेल, तर कप्पा रिकामा ठेवूनही बहुतेक यंत्रे चालतात. फेरी संपल्यावर थोडी वाफ जाऊ द्यावी, दार उघडे ठेवावे आणि वाट्या-पेले तिरके लावावेत. पेल्यांच्या बुडाच्या खळगीत साचणारे पाणी रिन्स एडनेही जात नाही. प्लास्टिक लवकर थंड होते, म्हणून डबे ओलेच निघतात. ते कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत.