यंत्र उडवते, तरी हात हवाच

आमच्या तेल्हाऱ्याला विमान दिसते ते सातपुड्यावरून पांढरी रेघ ओढत जाणारे. हज-उमराहला निघालेले आप्त सोडले, तर त्याच्याशी आपला संबंध कमीच. पण १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. तिथेच वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले होते. आता वऱ्हाडातल्या घरांतही मुलगा किंवा मुलगी "पायलट व्हायचंय" म्हणेल, आणि कोणीतरी विचारेल, "विमान तर संगणकच चालवतो ना?"

बरेचसे खरे आहे. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लावतात. मग उंची आणि दिशा यंत्र सांभाळते. त्याने वैमानिकाचा थकवा कमी झाला, प्रवास अधिक सुरक्षित झाला. पण हाताची सवय मोडली तर काय होते?

१ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या. ऑटोपायलट सुटला. अडथळा थोड्याच वेळाचा होता. पण गोंधळलेल्या वैमानिकाने विमानाचे नाक वर ओढून धरले. पंखांचा आधार गेला आणि पाच मिनिटांच्या आत विमान अटलांटिकमध्ये कोसळले. २२८ जीव गेले.

६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला आकाश स्वच्छ होते. वेग यंत्र राखते आहे, अशा समजुतीत एशियाना कंपनीचे वैमानिक राहिले. यंत्र तो राखत नव्हते. शेपूट धावपट्टीआधीच्या बांधावर आदळले, तिघे दगावले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या विमान नियामकाने कंपन्यांना सुचवले होते की, परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा वैमानिकांना हाताने विमान चालवू द्यावे.

अमरावतीची सेवा ज्या एटीआर विमानाने सुरू झाली, त्यात ऑटोपायलट आहे. पण इंजिनाची ताकद आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा नाही. ते काम वैमानिकाचा हातच करतो.

आपल्या देशात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. फी लाखांत असते. म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच: पैसे भरण्याआधी मुलांची वैद्यकीय तपासणी करून घ्या. संस्थेची इमारत पाहून भुलू नका. चालू विमाने किती, शिक्षक किती, मागच्या तुकडीचे २०० तास किती महिन्यांत भरले, हे विचारा. बटणे दाबायला पुढेही शिकता येते. हात बसतो तो याच तासांत.