सुट्टीतली चिक्की आणि गरम पाक

‘डॉक्टर, साखर बंद केलीय, पण गूळ चालतो ना?’ थंडी पडली, बाजारात नवा गूळ आला की माझ्या सांगलीच्या दवाखान्यात हा प्रश्न दिवसातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याला उत्तर ‘हो’ असेच हवे असते. मी ‘नाही’ म्हटले की आजी गप्प बसतात, मग पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवतात. ‘बरं, मग तुम्ही तरी खा.’ डब्यात चिक्की असते. मी खातो. (माझी स्वतःची रक्तशर्करा अजून ताब्यात आहे, हे सौ.ला कृपया कुणी सांगू नये. ती वड्या मोजून देते.)

गेल्या आठवड्यात मात्र प्राथमिक शाळेतल्या एका बाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत मुले घरात असतात आणि दुकानातल्या रंगीत गोळ्या, टॉफ्या खात असतात. त्याऐवजी मुलांकडूनच घरी चिक्की आणि गुळाच्या गोळ्या करून घेतल्या तर कसे? कल्पना मला फार आवडली. पण हो म्हणण्याआधी मी त्यांना माझ्या उजव्या हाताची तर्जनी दाखवली.

माझे बालपण कराड तालुक्यात, कृष्णाकाठच्या गावी गेले. दिवाळी संपली की शिवारात गुऱ्हाळे सुरू होत. चुलवणात चिपाडाचा जाळ, वर भलीमोठी काहील, रसात चुना आणि भेंडीचे पाणी घालून वर येणारी मळी काढणारी माणसे, आणि या सगळ्यावर हुकमत गुळव्याची. गुळव्याजवळ थर्मामीटर नव्हता. तो उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी चाचपायचा आणि ‘उतरा’ म्हणायचा. दोन मिनिटे इकडेतिकडे झाली की गूळ एकतर ठरत नाही, नाहीतर करपतो. त्याचे पाहून मला वाटले की गरम पाकाला हात लावणे ही काही मोठी गोष्ट नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आजीने चिक्कीचा पाक उतरवला आणि ती दाणे आणायला माजघरात गेली. उलथन्याला चिकटलेला पाक मी बोटाने काढला.

तो सुटेना. उकळते पाणी अंगावर पडले तर ते निथळून जाते आणि निवतेही. पाक तसा नाही. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. चिक्कीचा कडक पाक १४० ते १५० अंशांपर्यंत गेलेला असतो, आणि तो कातडीला चिकटून बसतो. बसल्या जागी भाजतच राहतो. मी तो झटकायला दुसऱ्या हाताने ओढला, तेव्हा दुसऱ्या हाताची बोटेही भाजली. घरच्यांनी तूप-हळद लावून चिंधी बांधली. चौथ्या दिवशी जखमेत पू झाला. बोट बरे झाले, पण वरचे पेर आजही पुरते वळत नाही. इंजेक्शनची सिरिंज मी मधल्या बोटाने धरतो, ती त्यामुळे.

आमची सांगली हळदीची पेठ. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मलाही अभिमान आहे. तरीसुद्धा भाजलेल्या जागी हळद लावू नका. तूप, टूथपेस्ट, शाई, बर्फ, यांतले काहीही लावू नका. तूप उष्णता आत कोंडून ठेवते, बर्फाने कातडीला वेगळी इजा होते, आणि हळद-शाईने जखमेचा रंग झाकला जातो; मग किती खोल भाजले आहे हे डॉक्टरलाही कळत नाही. नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली भाजलेला भाग सलग २० मिनिटे धरायचा. घड्याळ लावून २० मिनिटे. दोन मिनिटांत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मूल हात काढून घेते, तो काढू द्यायचा नाही. चिकटलेला पाक ओढायचा नाही, तो पाण्याने निवून सैल होतो. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी उतरवायची. फोड फोडायचा नाही. स्वच्छ ओलसर कापड सैल गुंडाळायचे आणि चेहरा, हात, सांधा भाजला असेल किंवा फोड मोठा असेल तर दवाखाना गाठायचा.

एवढे सांगून झाल्यावर आता कृती. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, चोळून सुपात पाखडा, म्हणजे साले जाऊन पाकळ्या सुट्या होतील. हे काम मुलांनी करावे, त्यात धोका काही नाही. भाजण्याआधी एक काम आणखी महत्त्वाचे आहे : दाणे निवडणे. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशी दिसणारा किंवा चवीला कडू लागणारा दाणा फेकून द्या. शेंगा काढणीला आल्या असताना अवकाळी पाऊस झाला किंवा पोती ओलीच थप्पीला लागली तर दाण्यावर एक प्रकारची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. यकृताला ते फार वाईट. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील भागात अशी बुरशी लागलेला मका खाण्यात आल्याने शंभरावर माणसे दगावली होती. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही, आणि चिक्कीच्या गोडीत कडू चव लपते. म्हणून ‘चार दाण्यांनी काय होतंय’ असे म्हणू नये.

दाण्यांच्या वजनाइतका गूळ घ्या, बारीक चिरा. दुकानात ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून मिळतो तो घेतला तर चिक्की कुरकुरीत होते. साध्या गुळाचीही होते, पण जरा लक्ष द्यावे लागते. गूळ पिवळाधमक हवा असा हट्ट मात्र नको. उसाच्या रसापासून झालेल्या गुळाचा रंग तांबूस-तपकिरी असतो. गिऱ्हाईक पिवळा मागते म्हणून काही ठिकाणी रसात हायड्रॉस पावडर जास्त टाकली जाते. तिच्यातून गंधकाचा अंश गुळात राहतो आणि दम्याच्या काही रोग्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. आपण काळसर गूळ मागायला लागलो की गुऱ्हाळवालाही तोच करील.

जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, त्यात गूळ. मंद आच. गूळ विरघळून आधी पातळ होतो, मग फेसाळतो. आता गुळव्याची परीक्षा : वाटीत थंड पाणी घेऊन त्यात एक थेंब टाका. मऊ गोळी झाली तर तो गोळीबंद पाक, साधारण ११५ ते १२० अंशांचा. तो लाडवाला चालतो, चिक्कीला नाही. थेंब कडक होऊन वाटीवर आपटल्यावर टण् असा वाजला आणि दाताखाली न चिकटता कुटकन तुटला, की चिक्कीचा पाक झाला. लगेच गॅस बंद. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर पाक फुलतो, त्यात वायूचे बारीक बुडबुडे अडकतात आणि चिक्की खुसखुशीत होते. दाणे घालून भराभर ढवळा, तूप लावलेल्या पोळपाटावर ओता, तूप लावलेल्या लाटण्याने लाटा आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारा. निवल्यावर वड्या आपोआप सुटतात.

बहुतेकींची तक्रार असते की चिक्की दाताला चिकटते. पाक कच्चा राहिला, एवढेच त्याचे कारण. पाक तापवणे म्हणजे त्यातले पाणी घालवणे. पाणी जितके कमी, तितका पाक कडक. गुळातली शर्करा हवेतले पाणी पुन्हा ओढून घेते, म्हणून चिक्की निवताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची, आणि पावसाळ्यात करायला जाऊच नये. साखरेची चिक्की करताना उलट अडचण येते. पाक ढवळत बसले की साखर पुन्हा दाणा धरते. लिंबाचे चार थेंब पिळले तर आम्लामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी दुभंगते आणि दाणा धरायला अडथळा करते. गुळात अशी दुभंगलेली साखर मुळातच असते, त्यामुळे तिथे लिंबू लागत नाही.

मुलांची टॉफीची हौस सुंठ-गुळाच्या गोळ्यांनी भागते. वाटीभर गूळ, दोन चमचे तूप, अर्धा चमचा सुंठपूड. थेंबाची गोळी घट्ट होईल पण वाजणार नाही इतपत पाक करून तूप लावलेल्या ताटात ओतायचा. हात लावता येईल इतका निवला की तूप लावलेल्या हातांनी तो ताणायचा, दुमडायचा, पुन्हा ताणायचा. हवा शिरून रंग सोनेरी, फिकट होत जातो. जत्रेतली रेवडी अशीच ताणून करतात. मग वळकटी करून कात्रीने तुकडे. ताणण्याचे काम मोठ्या माणसाने आधी हात लावून बघितल्यावरच मुलांकडे द्यायचे. मुलांच्या हौसेखातर गुळात दूध घालू नका, नाहीतर ते फाटेल.

आता बाईंना मी सांगितलेली दुसरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी तासगाव भागातून अडीच वर्षांच्या एका मुलाला माझ्याकडे आणले. महिनाभर खोकला, रात्री घरघर. बाळदमा समजून औषधे चालू होती. छातीला नळी लावली तर घरघर फक्त उजव्या बाजूला. आईला विचारले, पोराला कधी खाताना ठसका लागला होता का? ती आठवू लागली. संक्रांतीला हळदीकुंकू होते, बायका बसल्या होत्या, पोरगे चिक्की खात पळत होते, एकदम गुदमरले, निळे पडले, मग खोकला येऊन थांबले. सगळ्यांना वाटले, सुटले. दुर्बिणीने त्याच्या श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा काढावा लागला. मुलगा वाचला. पण महिनाभर तो अर्ध्या फुप्फुसावर होता, आणि त्याच्या आईने मला विचारले, ‘मी बघत होते हो, तरी कसं कळलं नाही?’ तिला कळण्यासारखे नव्हतेच. ठसका थांबला की दाणा गिळला असे सगळ्यांनाच वाटते.

चार-पाच वर्षांखालच्या मुलाला दाढांनी नीट चावता येत नाही. त्याला अख्ख्या दाण्याची चिक्की देऊ नका. दाण्याचे बारीक कूट करून मऊ लाडू द्या, तोही बसवून, समोर राहून. हसताना, पळताना, रडताना नाही. मूल गुदमरले, आवाज फुटत नाही, खोकताही येत नाही, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्या. नाही निघाले तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाबा. पुन्हा थापा. वर्षाखालच्या बाळाचे पोट दाबायचे नाही. त्याला हातावर पालथे, डोके खाली ठेवून थापा द्यायच्या आणि मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी दाबायचे. दिसत नसताना घशात बोट घालू नका, दाणा आणखी खाली जातो. हे करतानाच दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन करायला सांगा. आणि ठसका थांबल्यावर खोकला राहिलाच, तर डॉक्टरला ठसक्याची हकीकत आधी सांगा.

राहता राहिला आजींचा गूळ. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. रक्तातली साखर दोन्हींनी चढते. गुळात लोह थोडे असते, पण पंडुरोग भरून काढण्याइतके चिक्कीच्या तुकड्यात नसते. लोहाच्या गोळ्या बंद करून गूळ खाणाऱ्या लेकी-सुना माझ्याकडे येतात, त्यांना मी रागावतो. चिक्कीत जो गुण आहे तो दाण्याचा. २५ ग्रॅमच्या वडीत सुमारे १२० कॅलरी, तीन ग्रॅम प्रथिने आणि साधारण १२ ग्रॅम गूळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेली मर्यादा मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५ ग्रॅमच्या आत, अशी येते. तीत चहाही आला. म्हणजे चहा पिणाऱ्या धडधाकट माणसाला एक वडी पुरे. मधुमेह असेल तर अर्धी, जेवणाबरोबर, आणि त्या जेवणातली एक भाकरी कमी करून. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरला विचारून. मुलांना चिक्की जेवणानंतर लगेच द्यावी आणि वर खळखळून चूळ भरायला लावावी. दिवसभर खिशातून तुकडा तुकडा खाल्ला तर दात कधीच मोकळे राहत नाहीत.

शाळेतल्या बाईंनी एक शंका शेवटी विचारली : कढईला चिकटलेला पाक कसा काढायचा? खरवडू नका. कढईत पाणी घालून उकळा, सगळा पाक सुटतो. त्या गूळपाण्यात आले ठेचून टाका आणि गाळून, निववून मुलांना घोट घोट द्या. आमची आजी असेच करी. बोट भाजले त्या दिवशीही तिने ते मला पाजले होते, दुसऱ्या हाताने पेला धरून.