पंधरा फुटांची भिंत आणि एक सीडी

पुण्याच्या हडपसरमध्ये दोन प्रकारची यंत्रं चालतात. औद्योगिक वसाहतीत, १९५८ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिकच्या आजूबाजूच्या शेडांमध्ये आणि गाळ्यांमध्ये लोखंड कापणारी. आणि मगरपट्ट्याच्या सायबरसिटीत, जिथे पूर्वी उसाची शेती होती आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने शेतकरी कुटुंबांनी जमीन बिल्डरला न विकता चारशेहून जास्त एकर एकत्र करून नगरी उभारली, तिथे संगणक. यंत्र लोखंडाचं असो की संगणकाचं, अडलं की पहिला प्रश्न एकच असतो: मॅन्युअल कुठंय? गेल्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नाची तीन उत्तरं झाली. आधी ‘कपाटात’, मग ‘सीडीवर’, आता ‘साइटवर’. मधलं उत्तर फार थोडा काळ टिकलं, म्हणून त्याच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने या तिघांतलं सर्वांत चोख उत्तर तेच होतं.

कपाटापासून सुरुवात करू. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे ‘डेक’, ही अमेरिकेतली बडी संगणक कंपनी. तिच्या व्हॅक्स संगणकावर व्हीएमएस नावाची कार्यप्रणाली चालायची. त्या प्रणालीच्या मॅन्युअलांचा पूर्ण संच फळीवर लावला की सुमारे पंधरा फूट जागा खायचा. कंपायलर, डेटाबेस, नेटवर्क यांची पुस्तकं वेगळीच. तिसऱ्या आवृत्तीचे बाइंडर निळे, चौथीचे नारिंगी, पाचवीचे करडे. संगणकावर काम करणारी माणसं त्या संचाला ‘भिंत’च म्हणायची: नारिंगी भिंत, करडी भिंत.

ही भिंत स्थिर नसायची, हा खरा त्रास. प्रणालीत बदल झाला की कंपनी पूर्ण पुस्तक पुन्हा पाठवत नसे, बदललेली पानं पाठवायची. सोबत एक सूचनापत्र: अमुक पान काढा, तमुक घाला. बदललेल्या ओळींशेजारी समासात उभी रेघ असायची. हे काम नव्या मुलाच्या गळ्यात पडायचं, आणि गठ्ठे तसेच टेबलाखाली साठायचे. मग रात्री यंत्र अडलं की समोरचं पान चालू आवृत्तीचं आहे की दोन दुरुस्त्यांपूर्वीचं, हे कुणाला सांगता यायचं नाही. सपोर्टच्या कामात जुनं पान हे हरवलेल्या पानापेक्षा घातक, कारण त्यावर माणूस विश्वास ठेवतो.

आपल्याकडे या कागदाला आणखी एक वजन होतं. परकीय चलन नियमन कायद्यापुढे न झुकता आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली आणि तिच्या शेकडो ठिकाणच्या यंत्रांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’कडे, म्हणजे आपल्या सीएमसीकडे आली. बनवणारा देश सोडून गेला, यंत्रं मागे राहिली. अशा वेळी मॅन्युअल आणि ते वाचता येणारा इंजिनिअर हेच भांडवल. पुण्यात ‘इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स इंडियन मॅन्युफॅक्चर’ ही ब्रिटिश आयसीएलची कंपनी १९६३ पासून होती. तिचंच पुढे २००० साली झेन्सार झालं, आणि हडपसरशेजारच्या मुंढव्याहून नदी ओलांडली की खराडीत तिचं मुख्यालय लागतं. म्हणजे मोठ्या संगणकांची देखभाल, सुटे भाग, मॅन्युअल हा व्यवहार पुण्याला सायबरसिटीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

आता सीडी. गाण्यांची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, आणि मजकुरासाठी तीच वापरायची कल्पना लगेच पुढे सरकली. बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरही जाड नसलेली ही चकती साधारण ६५० मेगाबाइट साठवायची. छापील पानावर दोन हजारांच्या आसपास अक्षरं धरली तर नुसता मजकूर तीन लाख पानं. त्या काळी घेतलेल्या पीसीत वीस-चाळीस मेगाबाइटची हार्ड डिस्क असायची. म्हणजे एका सीडीवरचं सगळं उतरवून घ्यायला तसे सतरा ते तेहेतीस पीसी लागले असते. १९८८ मध्ये फायलींच्या मांडणीचं आयएसओ ९६६० हे मानक आलं आणि कोणत्याही कंपनीची सीडी कोणत्याही ड्राइव्हमध्ये वाचता येण्याची सोय झाली.

संगणक कंपन्यांनी ही संधी चटकन ओळखली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ह्युलेट-पॅकार्डने ‘लेझररॉम’ नावाची सेवा सुरू केली. मॅन्युअलं आणि सॉफ्टवेअरमधल्या ज्ञात दोषांची यादी असलेली पत्रकं, जी आधी छापून यायची, ती वर्गणीदार ग्राहकाला सीडीवर मिळू लागली. डेकने ‘बुकरीडर’ आणला आणि करडी भिंत सीडीवर चढवली. सन कंपनीचं ‘आन्सरबुक’ आलं. मायक्रोसॉफ्टची टेकनेट सीडी १९९० च्या दशकात दर महिन्याला येऊ लागली. नवी सीडी आली की जुनी बाजूला. पानं काढणं-घालणं एका फटक्यात संपलं. आवृत्ती कोणती हा वादही संपला, कारण महिना आणि वर्ष सीडीवरच छापलेलं.

हे सोपं मात्र नव्हतं. पहिल्या ड्राइव्हचा वेग सेकंदाला १५० किलोबाइट. एखादा शब्द शोधायला सगळी सीडी वाचत बसलं तर तासाहून जास्त वेळ जायचा. शिवाय लेझरचं डोकं एका जागेहून दुसरीकडे जायला अर्धा-एक सेकंद घ्यायचं. म्हणून सीडी छापण्याआधीच कंपनीत एक प्रचंड शब्दसूची तयार व्हायची: प्रत्येक शब्द, आणि तो कुठे कुठे येतो त्या सगळ्या जागा. ही सूची सीडीवरच सलग मांडून ठेवायची, म्हणजे शोध घेताना डोक्याला दोन-चार उड्यांतच काम भागवता येईल. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत संपादकाने निवडलेले शब्द असतात. इथे ग्राहकाला हवा तो कोणताही शब्द चालायचा. यंत्राच्या पडद्यावर आलेला एररचा क्रमांक जसाच्या तसा टाइप करायचा आणि उत्तरावर पोचायचं. सपोर्टच्या इतिहासात हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो.

यातून लिहिणंही बदललं. पुस्तकात लेखक वाचकाचा हात धरून पहिल्या प्रकरणापासून नेतो. ‘मागील प्रकरणात सांगितल्याप्रमाणे’ असं लिहून मोकळा होतो. सीडीवरचा वाचक शोधातून थेट मधल्याच परिच्छेदात उतरतो, त्याने मागचं काही वाचलेलं नसतं. ‘आधी वीजपुरवठा बंद करा’ ही सूचना तीन पानं आधी असून चालत नाही, त्याच पडद्यावर लागते. मायक्रोसॉफ्टच्या नॉलेज बेसमधले लेख पाहा: लक्षणं, कारण, उपाय, अशा ठरलेल्या मथळ्यांखाली लिहिलेले, प्रत्येक लेख स्वतःच्या पायावर उभा. आणि ग्राहक जे शब्द वापरतो ते लेखात असावेच लागतात. त्याच्या तोंडी ‘हँग झालं’ असेल आणि लेखकाने फक्त ‘प्रणाली प्रतिसाद देत नाही’ एवढंच लिहिलं असेल, तर उत्तर सीडीवर असूनही त्याच्यासाठी नसल्यासारखंच.

एकाच मजकुरातून छापील पुस्तकही निघावं आणि सीडीही, यासाठी मजकुराला खुणा लावण्याची शिस्त आली. एसजीएमएल हे त्याचं मानक १९८६ चं. १९९० च्या दशकारंभी त्यावर बेतलेलं डॉकबुक आलं, आणि पुढे आयबीएमच्या घरातून डीटा. पुण्याच्या आयटी कंपन्यांमध्ये ‘टेक्निकल रायटर’ या हुद्द्यावर काम करणारी माणसं आज एकेका विषयाचा सुटा, स्वयंपूर्ण तुकडा लिहितात, त्या सवयीचं मूळ सीडीच्या या काळात आहे.

भारतात सीडीचं महत्त्व अधिकच होतं. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. सुरुवातीचा डायल-अपचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. त्या वेगाने एक भरलेली सीडी उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, सहा दिवसांहून जास्त लागले असते. कुरिअरने येणारी सीडी हेच तेव्हाचं वेगवान नेटवर्क होतं. अमेरिकेतल्या ग्राहकाच्या हातात असलेलीच माहिती, त्याच महिन्याची, पुण्यातल्या इंजिनिअरच्या टेबलावर असायची. कागदाच्या काळात ही बरोबरी कधीच नव्हती.

काही गोष्टी गेल्या, त्यांचंही दुःख मला आहे. बाइंडरच्या समासात पेन्सिलने लिहिलेली टिपणं गेली. ‘व्होल्टेज खाली आलं की हाच एरर येतो, आधी स्टॅबिलायझर बघा’ असली ओळ कोणत्याही कंपनीच्या मॅन्युअलात छापलेली नसते. आपल्या विजेचं, आपल्या धुळीचं आणि पावसाळ्याचं ज्ञान त्या समासांत होतं. सीडीवर लिहिता येत नाही. भिंत रद्दीत गेली तेव्हा ते ज्ञानही गेलं, आणि ते कुणी उतरवून घेतलं नाही.

मग साइट आली. ताजी माहिती, क्षणात, फुकट. पण साइट ग्राहकाच्या ताब्यात नसते. डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत, म्हणजे ह्युलेट-पॅकार्डमध्ये, विलीन झाली. ‘सन’ ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली आणि तिच्या मॅन्युअलांचा जुना पत्ता इतिहासजमा झाला. मालक बदलला की पान हलतं, पासवर्ड लागतो, किंवा ‘हे उत्पादन आता सपोर्टमध्ये नाही’ एवढीच ओळ उरते. विकत घेतलेल्या यंत्राचं पुस्तक विकणाऱ्याला दूरून काढून घेता यावं, हे मला मान्य नाही. सीडी एकदा दिली की ती ग्राहकाची होती. म्हणूनच तिला मी चोख म्हणतो.

हडपसरच्या यंत्रशाळांना हा प्रश्न आजही लागू आहे. सीएनसी लेथ आणि मशिनिंग सेंटर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतात, त्यांच्या नियंत्रकांचा सपोर्ट त्याआधीच संपतो. सीमेन्सच्या सिन्युमेरिक नियंत्रकांची कागदपत्रं ‘डॉक-ऑन-सीडी’ या संचात यायची. इतर कंपन्यांच्याही सीडी इलेक्ट्रिकल पॅनलच्या आतल्या कप्प्यात नाहीतर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतात. सीडीचा नाजूक भाग लेबलची बाजू. तिथे अॅल्युमिनियमच्या पातळ थरावर नुसता लाखेचा लेप असतो. तिथे ओरखडा पडला किंवा ओल शिरली की मजकूर कायमचा गेला. आणि सीडी शाबूत असली तरी तिच्यावरचा वाचनाचा प्रोग्रॅम चालेलच असं नाही. जुन्या विंडोजच्या हेल्प फायली उघडणारा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने व्हिस्टापासून सोबत देणं बंद केलं, आणि सोळा बिटांचे प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत.

तेव्हा कारखानदारांना, मेंटेनन्स विभागातल्या मंडळींना कळकळीची विनंती. ड्रॉवरमधल्या त्या सीडी बाहेर काढा. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसा, आणि प्रत्येकीची पूर्ण इमेज हार्ड डिस्कवर घ्या, दोन ठिकाणी. वाचनाचा प्रोग्रॅम अजून चालत असेल तोवर महत्त्वाची पानं पीडीएफमध्ये काढून ठेवा. फोल्डरला यंत्राचा मेक, मॉडेल आणि सिरीयल नंबर द्या. एखादा जुना बाइंडर उरला असेल तर त्याच्या समासांचे फोटो घ्या. आणि जे फोरमन निवृत्तीला आलेत त्यांच्याकडून त्या टिपणांचा अर्थ याच वर्षी लिहून घ्या.