विश्लेषण : जुनी जीप उंच करताय? घरी काय करावे, मेस्त्रीकडे काय न्यावे, आरटीओत काय सांगावे?

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात पावसाळा सुरू झाला की पांदण रस्त्यांवरची काळी माती चाकांना धरून ठेवते. शेताकडे, वैनगंगेच्या काठाकडे किंवा गोसीखुर्दच्या फुगवट्यालगतच्या गावांकडे जाताना साध्या मोटारीचे पोट चिखलात टेकते. म्हणूनच ग्रामीण भागात जुन्या फोर बाय फोर जीपला अजूनही मागणी आहे. या गाड्या घरच्या घरी दुरुस्त करता येतात. पण त्या ‘उंच’ करण्याच्या हौसेचे परिणाम यांत्रिक आणि कायदेशीर असे दोन्ही असतात.

जुनी जीप घरी दुरुस्त करता का येते?

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्या सीजे-३बी, एमएम-५४०, मेजर, कमांडर या गाड्यांचा सांगाडा त्याच घराण्यातला. जाड लोखंडी चेसिस, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आणि त्यावर पाटे. एमएम-५४० मध्ये प्युजोच्या रचनेचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन होते. या पिढीच्या गाड्यांत संगणक नाही, सेन्सर नाहीत. बिघाड डोळ्यांनी दिसतो, कानांनी ऐकू येतो आणि पाना-पक्कडीने काढता येतो.

घरच्या घरी कोणती कामे करावीत?

सर्वांत मोठा फायदा देणारे काम सर्वांत स्वस्त आहे : ग्रीस. पाट्यांच्या शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि स्टिअरिंगचे सांधे यांना निपल असेल तेथे ग्रीसगनने ग्रीस भरावे. जुने, मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत भरत राहावे, म्हणजे आतले पाणी आणि वाळूही निघून जाते.

डिझेल संपून गाडी बंद पडली की पंपात हवा शिरते आणि सेल्फ कितीही मारला तरी इंजिन उचलत नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. प्युजो इंजिन थंडीत सुरू होत नसेल तर आधी हीटर प्लग तपासावेत. बॅटरीला दोष देण्याआधी चेसिस आणि इंजिन यांच्यातील अर्थिंगची पट्टी घासून स्वच्छ करावी.

खोल पाण्यातून गाडी काढल्यानंतरची तपासणी बहुतेक जण विसरतात. चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. ड्रेन बोल्ट किंचित सैल करून पाहावे. ऑइल दुधाळ दिसले तर ते लगेच बदलावे, नाहीतर आतली बेअरिंग गंजतात. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेणे हा या गाडीवरचा सर्वांत स्वस्त आणि उपयोगी बदल म्हणता येईल.

गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नये. काळ्या मातीत जॅक खचतो. खाली जाड लाकडी फळी, चाकांना दगड किंवा ओंडक्याची अडण आणि चेसिसखाली स्टँड लावल्याशिवाय डोकेही आत घालू नये.

उंची वाढवल्याने नेमके काय बिघडते?

उंची दोन प्रकारे वाढते : मोठे टायर लावून किंवा पाटे, शॅकल बदलून. अ‍ॅक्सलखालचे अंतर फक्त टायरने वाढते. पाटे बदलले की बॉडी वर जाते, पण डिफरन्शियल होते तेथेच राहते.

दोन्हींत गुरुत्वमध्य वर जातो. दोन चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की गाडी किती स्थिर आहे याचा अंदाज येतो. उदाहरणादाखल चाकांमधील अंतर १२० सेंमी आणि गुरुत्वमध्य ६५ सेंमी उंच धरला तर हा आकडा ०.९२ येतो. गुरुत्वमध्य १० सेंमी वर गेला की तो ०.८० वर घसरतो. वळणावर गाडी घसरण्याऐवजी कलंडण्याचा धोका वाढतो. मागच्या आडव्या सीटवर माणसे बसली की हा आकडा आणखी खाली येतो.

प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढल्याने क्रॉस लवकर झिजतात आणि गाडी थरथरते. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. खड्ड्यात चाक खाली लोंबल्यावर तो तुटू शकतो. २८ इंची टायरऐवजी ३१ इंची टायर लावला तर काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ६६ च्या वेगाने धावते. जड चाक थांबवायला जुने ड्रम ब्रेकही अपुरे पडतात. त्यामुळे उंचीआधी ब्रेक, हा क्रम बदलू नये.

मेस्त्रीकडेच कोणते काम न्यावे?

ब्रेक, स्टिअरिंग आणि वेल्डिंग. ठरावीक वेगाला पुढची चाके थडथडू लागली तर स्टिअरिंग डॅम्पर लावून दोष झाकला जातो, जात नाही. किंगपिन बेअरिंग, टाय रॉड एंड आणि चाकांचा बॅलन्स तपासून घ्यावा. पाटे उघडले तर जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे बसवल्यावर शेदोनशे किलोमीटर गाडी चालवून ते पुन्हा आवळून घ्यावेत. या जीपना मधला डिफरन्शियल नसतो, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून चालवू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या लोखंडी बंपर गार्डवरही कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिले होते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. नागपूर ग्रामीणची, म्हणजे एमएच-४० ची गाडी या तपासणीला नेली की निरीक्षक चेसिस क्रमांक, दिवे, ब्रेक पाहतो. बदल तेथेच उघडे पडतात. त्याहून मोठे नुकसान अपघातानंतर होऊ शकते : न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून विमा कंपनी दावा अडवू शकते.

मग खर्च कशावर करावा?

मूळ मापाचे पण चिखलाच्या नक्षीचे टायर, नवे लायनर आणि व्हील सिलिंडर, ताजे ब्रेक ऑइल, ब्रीदरची नळी, चालू स्थितीतला फोर बाय फोर गिअर आणि ओढून काढायला भक्कम हुक. एवढ्यावर सामान्य उंचीची जीप बहुतेक पांदण रस्ते पार करते. टायर जुन्याच मापाचा ठेवला आणि बाकी भाग मूळ रचनेप्रमाणे बसवले, तर या कामांसाठी आरसी बदलावी लागत नाही.