स्तब्ध चित्रांतले मन : ॲनिमेतील मानसिक संघर्ष आणि भावनिक वाढ

जपानी ॲनिमेने माणसाच्या मनात शिरण्याची जी रीत घडवली, तिचे मूळ पैशाच्या टंचाईत आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग आणि हाती तुटपुंजा पैसा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकत असताना एकेक चित्र तीन-तीन चौकटी टिकवायचे, चेहरा स्तब्ध ठेवून फक्त ओठ हलवायचे, जुनी चित्रे पुन्हा वापरायची, असे मार्ग तेव्हा रूढ झाले. हालचाल कमी झाल्यावर स्वगत, मौन आणि रिकाम्या दृश्यांना वाव मिळाला. पुढच्या पिढीतील दिग्दर्शकांनी ही अडचणच भाषा म्हणून वापरली. तिच्यामुळे नायक शत्रूला हरवतो की नाही यापेक्षा तो स्वतःला सहन करू शकतो की नाही, हा प्रश्न कथेच्या मध्यभागी येऊ शकला.

हायाओ मियाझाकी यांच्या १९८९च्या ‘किकी’ज डिलिव्हरी सर्व्हिस’मध्ये या बदलाचे सौम्य रूप दिसते. एइको कादोनो यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातील किकी ही तेरा वर्षांची चेटकीण घर सोडून परक्या शहरात राहते आणि झाडूवरून उडत सामान पोहोचवते. एके दिवशी तिला उडताच येईनासे होते. तिच्यावर कोणी शाप टाकलेला नाही, कोणी खलनायकही नाही. ती थकली आहे आणि स्वतःविषयी साशंक झाली आहे. उर्सुला ही चित्रकार मैत्रीण तिला काही काळ प्रयत्नच थांबवायला सांगते. शेवटी किकी उडते, पण लाडक्या काळ्या मांजराचे बोलणे तिला मूळ जपानी आवृत्तीत पुन्हा कळत नाही. मोठे होताना काही गोष्टी कायमच्या जातात, हे मुलांच्या चित्रपटात इतक्या सरळपणे क्वचितच सांगितले गेले आहे.

हिदेआकी आन्नो यांच्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’मध्ये हाच विषय उग्र झाला. ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात या मालिकेचे २६ भाग प्रसारित झाले. १९९५च्याच जानेवारीत कोबेचा भूकंप आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला होता. आन्नो स्वतः मालिकेआधी काही वर्षे नैराश्यात होते आणि त्यांनी ते उघडपणे लिहिले. कथेचा सांगाडा मात्र जुनाच आहे : महाकाय यंत्रमानव, परके आक्रमक आणि जग वाचवणारा चौदा वर्षांचा मुलगा. पण शिंजी इकारीला जग वाचवायचेच नसते. आपल्याला वर्षानुवर्षे टाकून देणाऱ्या वडिलांनी एकदा तरी शाबास म्हणावे, एवढ्यासाठी तो यंत्रात बसतो. सहकारी आसुका सतत पहिली येण्यासाठी धडपडते, कारण आईने आपल्याकडे पाहिलेच नाही ही जखम तिला झाकायची आहे.

मालिकेच्या चौथ्या भागाला शोपेनहाउअरच्या साळिंदरांच्या दृष्टांताचा आधार आहे. थंडीत ऊब हवी म्हणून जवळ यावे तर काटे बोचतात, दूर जावे तर गारठा. शिंजीची बहुतेक नाती या पेचात अडकली आहेत. बाविसाव्या भागात आसुका आणि रेई ही दुसरी सहकारी लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असतात. पाऊण मिनिटाहून अधिक काळ जवळजवळ काहीही हलत नाही, कोणी बोलत नाही. फक्त यंत्राची घरघर. काटकसरीतून आलेली स्तब्धता इथे दोघींमधले सगळे वैर सांगून जाते.

शेवटच्या दोन भागांत बाहेरचे जग जवळजवळ नाहीसे होते. स्थिरचित्रे, पाट्या आणि कच्ची रेखाटने यांतून शिंजीची उलटतपासणी चालते, आणि आपल्याला इथे असणे चालेल, इतक्याच निष्कर्षावर तो पोहोचतो. अनेक प्रेक्षक संतापले. १९९७च्या ‘दि एंड ऑफ इव्हँजेलियन’ने बाहेरच्या घटनांचा भीषण शेवट दाखवला. पण खरी भावनिक वाढ दिसायला २०२१ उजाडावे लागले. त्या वर्षी आलेल्या इव्हँजेलियनच्या अखेरच्या चित्रपटात खचलेला शिंजी वाचलेल्या माणसांच्या एका खेड्यात मुका बसून राहतो. मोठे झालेले जुने मित्र त्याला उपदेश करत नाहीत. आसरा देतात, जेवण ठेवतात आणि वाट पाहतात. गुंतागुंतीच्या प्रतीकांपेक्षा हा शेतीवाडीचा भाग अधिक मोलाचा आहे, कारण सावरायला वेळ लागतो हे तो वेळ देऊनच दाखवतो.

योशितोकी ओइमा यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) क्योतो ॲनिमेशनने २०१६ मध्ये काढलेला, नाओको यामादा दिग्दर्शित ‘कोए नो काताची’ आणखी अवघड जागी जातो, कारण त्याचा नायक पीडित होण्याआधी छळ करणारा आहे. प्राथमिक शाळेत शोया इशिदा हा शोको या कर्णबधिर मुलीची श्रवणयंत्रे वारंवार हिसकावून मोडतो. प्रकरण उघडकीस येताच सामील असलेला वर्ग सगळा दोष त्याच्यावर ढकलतो आणि तोच बहिष्कृत होतो. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गात पोहोचलेला शोया भरपाईचे पैसे आईच्या उशाशी ठेवून मरायला निघतो, पण मागे फिरतो. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर आई त्या नोटांपाशी लायटर धरून पुन्हा असे करणार नाही असे वदवून घेते, आणि त्या गोंधळात नोटा खरोखरच पेटतात. पैशाने फेडायचे ठरवलेले प्रायश्चित्त इथेच संपते. पुढचे त्याला माणसांत राहून करावे लागते.

शोयाच्या नजरेत इतरांच्या चेहऱ्यांवर मोठ्या फुल्या चिकटलेल्या दिसतात. सामाजिक भीतीचे इतके साधे आणि अचूक चित्र दुसरीकडे सापडणे कठीण. एखाद्याशी मैत्री झाली की त्याची फुली गळून पडते. विश्वास तुटला की परत येते. संगीतकार केन्सुके उशिओ यांनी पियानोच्या आत मायक्रोफोन ठेवून हातोड्या आणि कळांची खटखटही ध्वनिमुद्रित केली, त्यामुळे सूर ऐकण्याआधी त्याचा स्पर्श जाणवतो. शोको सतत माफी मागते, कारण आपल्यामुळेच सगळ्यांचे वाईट होते असे तिला वाटते. तिची धाकटी बहीण युझुरु मेलेल्या प्राण्यांची छायाचित्रे घरात लावते. ती पाहून शोकोच्या मनातून मरणाचा विचार जावा, एवढाच तिचा हेतू. हा तपशील चित्रपट फारसा न समजावता सोडून देतो, आणि तेच योग्य आहे.

चिका उमिनो यांच्या ‘सांगात्सु नो लायन’मध्येही शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळणारा एकाकी रेई किरियामा तीन बहिणींच्या जेवणाच्या टेबलापाशी हळूहळू सावरतो.

आत्महत्येचा विचार, छळ आणि नैराश्य हे विषय ‘किकी’ सोडता बाकीच्या कलाकृतींत थेट येतात. त्यामुळे ‘कार्टून’ समजून लहान मुलांसमोर त्या लावू नयेत. किकी घरात सर्वांनी पाहावा, ‘कोए नो काताची’ पौगंडातल्या मुलांबरोबर बसून पाहावा आणि नंतर त्यांच्याशी बोलावे, इव्हँजेलियन त्यानंतर.