दाराचं टेबल

२०२४ साली वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरलं, तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या पावसाळ्यात. गुंजवणी धरणाजवळच्या एका फार्महाऊसवर जेवायला बसले, तर टेबलाच्या काचेखाली एक सागवानी दार आडवं पडलेलं. दार ओळखीचं निघालं. मार्गासनीच्या पुढच्या एका घराचं. १९९८ साली मीच ते दुरुस्त करून पुन्हा उभं केलं होतं.

पुण्यात इंटिरिअरचं काम सुरू केलं त्या सुरुवातीच्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. सनमायका, शोकेस, पुन्हा सनमायका. २०१०नंतरही तेच, फक्त दर वाढले. मधली वर्षं मात्र भोर-वेल्ह्यानं मला घर शिकवलं.

नोकरी मुंबईला, घर गावात, अशी माणसं फंडाचे पैसे हाती आले की घर नीट करायला बोलवायची. चेलाडीला एसटीतून उतरायचं, पुढे मिळेल ती जीप. पहिल्या दिवशी मी टेप काढतच नसे. पडवीत बसून बघायचं: भाताची पोती कुठून आत येतात, ओली घोंगडी कुठे टांगतात, आजी पानाचा डबा ठेवायला हात कुठवर नेते. त्या हाताच्या उंचीवर कोनाडा. एवढंच माझं डिझाइन.

बाकी घराला सगळं ठाऊक असायचं. मातीच्या भिंती भिजू नयेत म्हणून पागोळ्या लांब पडतील असं छप्पर. कौल फुटलं तर दहा मिनिटांत बदलता येतं. गळका स्लॅब मात्र वर्षानुवर्षं गळतो. एक गोष्ट मी उशिरा शिकले. चूल जाऊन गॅस आला त्या घरांत वाशांना भुंगा लागू लागला. आम्ही ज्याला काजळी म्हणून नाकं मुरडायचो, तो धूरच लाकूड राखत होता.

मग मुलं कर्ती झाली आणि त्यांना फॉल्स सीलिंग हवं झालं. एका कंत्राटदारानं मी नसताना माजघरातले चारही कोनाडे विटांनी बुजवले. ‘भिंत सपाट दिसते, मॅडम!’ त्या सपाट भिंतीवर पुढे टीव्ही आला. आजींचा डबा जमिनीवर. मी त्या घरी पुन्हा गेले नाही. जायला हवं होतं.

आता लोकांना जुनं हवंय, पण विकतचं. भोरच्या राजवाड्यात सिनेमे झाले, तेव्हापासून गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून ‘असा लुक’ मागतं. त्या वाड्याच्या चौकातून घरभर उजेड आणि वारा फिरतो, हे फोटोत येत नाही. आणि मी तरी कोण सोवळी? २००१मध्ये पुण्याच्या जुन्या बाजारातून एक कोरीव खांब उचलून मीच एका हॉलमध्ये उभा केला होता. त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. लोकांनी वाहवा केली, मी ती घेतली.

जेवण झाल्यावर यजमानांनी काचेवर बोट ठेवलं. ‘हे भोक कसलं असेल हो?’

‘कडीचं,’ मी म्हटलं.

त्यात ते आता एलईडी बसवणार आहेत.