टपालपेटीवरील पाळत: एक मागोवा

पत्र पोहोचविणाऱ्या संगणकीय यंत्रणांचे गुणगान आजवर पुष्कळ झाले; परंतु पत्र येऊन पडले आहे, एवढीच वर्दी वाचकापर्यंत नेणाऱ्या दुय्यम चाकरांची दखल, त्यांच्या हातून कसूर घडल्याखेरीज, सहसा कोणी घेतली नाही. 1997 च्या जूनमध्ये आयमॅपला ‘आयडल’ ही आज्ञा जोडली गेली आणि वाचकाने घडोघडी पृच्छा करीत बसण्याऐवजी सर्व्हरनेच आपण होऊन नव्या पत्राची खबर द्यावी, असा प्रघात पडला. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या मेलडिर रचनेत प्रत्येक पत्र म्हणजे एक स्वतंत्र फाइल. ती आधी तात्पुरत्या डिरेक्टरीत लिहिली जाते आणि पुरी झाली म्हणजे ‘न्यू’ नावाच्या डिरेक्टरीत सरकते. तेव्हा खबर द्यावयाची, तर त्या डिरेक्टरीवर अष्टौप्रहर पाळत ठेवणे ओघानेच आले. आणि कुरियर-आयमॅप या टपाल-सर्व्हरने हे काम ‘फॅम’ या फाइलींतील बदलांवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपविले.

फॅम मूळचा सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स प्रणालीतला. त्याचा डेमन ‘फॅमडी’ हा बहुधा इनेटडीच्या हुकमतीखाली चाले, आणि त्याचा ठावठिकाणा विचारावयाचा तो 111 क्रमांकाच्या पोर्टवर बसलेल्या पोर्टमॅपरला. कुरियरची भिस्त फॅमवर आणि फॅमची पोर्टमॅपरवर, अशी ही परंपरा असल्यामुळे, एखाद्या दक्ष व्यवस्थापकाने बाहेरील उपद्रवाच्या भयाने निरुपयोगी समजून पोर्टमॅपर बंद केला, की त्याचे परिणाम तिसऱ्याच ठिकाणी, थंडरबर्ड उघडून बसलेल्या कारकुनाच्या पडद्यावर, प्रकट होत: फाइलप्रणालीच्या सूचनांची व्यवस्था सुरू झाली नाही, टपालाच्या व्यवस्थापकास कळवावे, अशा आशयाचा तो इशारा. पत्रे जागच्या जागी सुखरूप असत. पण कारकुनाला ते कोण सांगणार? त्याचा समज व्हावयाचा, की टपाल बुडाले. कित्येकांनी मग कॉन्फिग फाइलीतील ‘आयमॅप_एन्हान्स्डआयडल’ शून्यावर आणून तंटा मिटविला. हा उपाय मला कधीच कमीपणाचा वाटला नाही. नवे पत्र थोड्या विलंबाने दिसल्याने कोणाचे फारसे अडत नव्हते.

पुढे डॅनियल वेलार यांचा ‘गॅमिन’ आला. त्याने फॅमचीच लायब्ररी-रीत स्वीकारली. मात्र पोर्टमॅपरची मिनतवारी आणि रूटच्या अधिकाराने चालणारा सामाईक डेमन, ही दोन्ही बंधने टाकून देऊन प्रत्येक वापरकर्त्यामागे एक ‘गॅम_सर्व्हर’ तैनात केला. डेबियनवर फॅमच्या जागी गॅमिन बसविला, की बहुतेक तक्रारी शमत. क्वचित हा गॅम_सर्व्हरच प्रोसेसर व्यापून बसे, तो भाग निराळा.

खरी उणीव कर्नलातच होती. लिनक्स 2.4 मधील ‘डीनोटिफाय’ला पाळतीखालची प्रत्येक डिरेक्टरी उघडी धरून ठेवावी लागे, त्यामुळे ती ज्या डिस्कवर असेल ती अनमाउंट करणे अशक्य होऊन बसे. ऑगस्ट 2005 मध्ये 2.6.13 बरोबर जॉन मॅकचन आणि रॉबर्ट लव्ह यांचा ‘इनोटिफाय’ आला, आणि डव्हकॉट हा दुसरा आयमॅप सर्व्हर, व कालांतराने मध्यस्थाला रजा देऊन कुरियरही, त्याच्यामार्फत थेट कर्नलाशी बोलू लागले. तथापि तेथेही एक मर्यादा निघाली. इनोटिफायची दर वापरकर्त्यामागे 128 इन्स्टन्सची मर्यादा दीर्घकाळ पूर्वनिर्धारित होती; आणि शेकडो पेट्या ‘व्हीमेल’ या एकाच खात्याखाली असल्या, की ती भरदुपारी संपून डव्हकॉट लॉगमध्ये कुरकुर करू लागे.

एका बाबतीत मात्र फॅमच वरचढ होता, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. एनएफएसवरील फाइलींसाठी तो पलीकडच्या यंत्रावरील फॅमडीशी परस्पर संधान बांधी. इनोटिफायपाशी ती सोय नाही. एनएफएसवरील पेटीत दुसऱ्या यंत्राने टाकलेले पत्र त्याला आजही दिसत नाही. ज्यांच्या पेट्या अशा सामाईक साठ्यावर आहेत, त्यांनी ‘आयडल’वर विसंबून न राहता ठरावीक अंतराने पेटी तपासण्याची जुनी रीत चालू ठेवावी.